अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आजारी पोराचं सॅच्युरेशन कसं सांभाळायचं

पाठवणाऱ्या हॉस्पिटलचा फोन येतो, "आठ महिन्यांचं बाळ आहे, न्यूमोनिया, सॅच्युरेशन ९५, पाठवतोय." सॅच्युरेशन म्हणजे रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन फिरतंय तो आकडा. मी लगेच विचारते, किती ऑक्सिजनवर ९५? समोरचा जरा थांबतो, मागे कुणाला तरी विचारतो, मग कळतं की रिझर्व्हॉयर मास्कवर (ऑक्सिजन साठवायची पिशवी असलेला मास्क) मिनिटाला १० लिटर चालू आहे. म्हणजे बाळ बरं नाहीये, जवळपास काठावर आहे. साध्या हवेवर ९५ असतं तर आरामात निघालो असतो, पण १० लिटरवर ९५ म्हणजे अजून वर न्यायला हातात काही उरलेलंच नाही. आकडा तोच, पण पोर वेगळं, गाडीत घ्यायची तयारी वेगळी.

हे सगळं लिहितेय ते गाडीत पोरांसोबत जाणाऱ्यांसाठी, म्हणजे नर्स, टेक्निशियन, नवीन डॉक्टर. आईबापांनी वाचलं तरी चालेल, शेजारी बसून काय बघायचं ते कळेल. तुमच्याकडच्या डॉक्टरांनी एखाद्या पोरासाठी वेगळं टार्गेट दिलं असेल तर ते पाळायचं, माझं नाही.

आधी मशीन काय मोजतं ते

सॅच्युरेशन मोजणाऱ्या मशीनच्या, म्हणजे पल्स ऑक्सिमीटरच्या प्रोबमध्ये (बोटाला किंवा पायाला लावायचा तुकडा) दोन लाइट असतात, एक लाल साधारण ६६० नॅनोमीटरचा आणि एक इन्फ्रारेड ९४० चा. ऑक्सिजन असलेलं रक्त इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन नसलेलं लाल जास्त शोषतं, ह्या दोघांच्या प्रमाणावरून टक्केवारी निघते. पण बोटात कातडी, हाड, शिरेतलं रक्त पण असतंच की, मग धमनीतलं रक्त वेगळं कसं ओळखायचं? जपानचे ताकुओ आओयागी दुसऱ्याच एका मोजमापावर काम करत होते, त्यात नाडीचे ठोके मध्ये मध्ये लुडबुड करायचे, ते काढून टाकायच्या नादात त्यांच्या लक्षात आलं की ह्या धडधडणाऱ्या भागातूनच धमनीतला ऑक्सिजन मोजता येईल. १९७४ ची गोष्ट. मी ही मुद्दाम सांगते कारण सगळी मेख त्यात आहे: नाडी सापडली नाही तर मशीनचा आकडा निव्वळ अंदाज. गाडी हलते, पोर हातपाय झाडतं, पाय गार पडतो, प्रत्येक वेळी मशीनला नाडीच नीट सापडत नाही आणि तरी ते काहीतरी दाखवत राहतं.

म्हणून मॉनिटरवर आधी आकडा बघू नका, आधी लाट (नाडीची वरखाली होणारी रेघ) बघा. स्वच्छ, एकसारखी लाट येतेय का? मग मॉनिटरवरची नाडी आणि स्टेथोस्कोप लावून मोजलेले ठोके (किंवा ईसीजीचे) जुळतायत का? जुळले तर आकड्यावर विश्वास. लाट वेडीवाकडी आणि ठोके १५० ऐवजी ८५ दाखवतंय तर तो आकडा विसरा, मग तो ९९ असो की ७०. परफ्यूजन इंडेक्स (प्रोबखाली नाडीचा जोर किती ते) दाखवणारं मशीन असेल तर ०.३-०.४ च्या खाली गेलं की सावध व्हायचं.

निघण्याआधीची पंधरा मिनिटं

माझ्या मते अर्धं काम इथेच होतं आणि नेमकी इथेच घाई होते. नातेवाईक "चला चला" करतात, पाठवणाऱ्या हॉस्पिटललाही बेड मोकळा हवा असतो. नाही निघायचं.

सिलिंडरचा हिशोब तोंडी करू नका, कागदावर करा. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये गुणिले गेजवरचं प्रेशर बारमध्ये, म्हणजे आत किती लिटर ऑक्सिजन आहे ते आलं, त्याला मिनिटाला किती लिटर लागतंय त्याने भागा. १० लिटर क्षमतेचा सिलिंडर १५० बारला भरलेला असेल तर १५०० लिटर, मास्कवर १० लिटर चालू असेल तर १५० मिनिटं. ऐकायला भरपूर वाटतं, पण गेज ६० वर असेल तर तेच ६० मिनिटांवर येतं, आणि वाटेत पोर बिघडून १५ लिटर लागले तर ४०. मी प्रवासाच्या वेळेच्या दुप्पट धरते. आणि दुसरा सिलिंडर गाडीत असणं म्हणजे तो वापरता येणं नव्हे! एकदा आमच्याकडे भरलेला सिलिंडर होता, रेग्युलेटर होता, पण वॉल्व्ह उघडायची चावी कुणीतरी काढून ठेवलेली. तेव्हापासून चावी सिलिंडरच्या मानेला दोरीने बांधलेली असते आणि निघण्याआधी मी ती स्वतः फिरवून बघते.

बाकी पटकन: पोराच्या मापाचे मास्क दोन-तीन, त्या मापाची अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) रिझर्व्हॉयर लावून, सक्शन (शेंबूड-थुंकी ओढायचं यंत्र) चालू करून बघितलेलं, मॉनिटरची बॅटरी, दोन प्रोब (एक चिकटवायचा, एक क्लिपचा), टॉर्च, पांघरूण. बबल ह्युमिडिफायरची (ऑक्सिजन ओलसर करायची) बाटली प्रॉंग्सवर (नाकात घालायच्या दोन छोट्या नळ्या) कमी फ्लो असेल तर मी गाडीत लावतच नाही, वळणावर कलंडते आणि पाणी नळीत शिरतं, तेवढ्या वेळासाठी त्याची गरजही नसते.

मग सगळ्यात महत्त्वाचं, पोर अजून तिथल्या बेडवरच असताना त्याला आपल्या मॉनिटरवर आणि आपल्या सिलिंडरवर घ्या आणि पाच ते दहा मिनिटं नुसतं बघा. भिंतीतल्या ऑक्सिजनवरून सिलिंडरवर आल्यावर काही गळतंय का, फ्लोमीटर (मिनिटाला किती लिटर जातंय ते दाखवणारं) खरंच चालतंय का, हे बेडशेजारी कळलेलं बरं. ह्या दहा मिनिटांत जो आकडा स्थिर होतो तो आपला बेसलाइन. तो कार्डावर लिहायचा तो असा, नुसता ९४ नाही: "प्रॉंग्स २ लिटर, ९४, नाडी १५६, श्वास ५८, छाती ओढतंय, कण्हत नाही, आईकडे बघतंय." ह्यातली एकही गोष्ट सुटली तर पुढे तुलना कशाशी करणार?

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पोर शांत असताना. जागतिक आरोग्य संघटनेचे जलद श्वासाचे आकडे पाठ असू द्या: दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त.

प्रोब लावणं हे कौशल्य आहे

मोठ्या माणसाची क्लिप लहान बाळाच्या बोटाला लावू नका. बोट बारीक, क्लिप मोठी, लाइट बोटातून न जाता बाजूने निसटतो आणि आकडा चुकतो. नवजात बाळाला तळव्याच्या किंवा तळहाताच्या करंगळीकडच्या कडेला गुंडाळायचा, थोड्या मोठ्या बाळाला पायाच्या अंगठ्याला, मोठ्या पोराला हाताच्या बोटाला. लाइट आणि त्याचा सेन्सर बरोब्बर समोरासमोर आले पाहिजेत, चिकटवताना ह्याच्यातच गडबड होते, एक वर आणि एक तिरका जातो.

घट्ट बांधू नका. चिकटपट्टी करकचून आवळली की शिरेतलं रक्तही धडधडायला लागतं, मशीन त्यालाच धमनी समजतं आणि आकडा खोटा कमी येतो, शिवाय कातडीला इजा होते ती वेगळी. लांबचा प्रवास असेल तर दोन ते चार तासांनी जागा बदला आणि खालची कातडी बघा. बीपीचा पट्टा त्याच हाताला नको, तो फुगला की दर वेळी सिग्नल जातो आणि अलार्म बोंबलतो. नेलपॉलिश असेल तर पुसा किंवा दुसरं बोट घ्या.

पाय गार असेल तर आधी गरम करा, पायमोजा घाला, हातात धरा. वरून एखादं गडद कापड गुंडाळा, खिडकीतलं ऊन आणि गाडीतला लाइट दोन्ही प्रोबला फसवतात. आणि वायरला पायाशी एक सैल वेटोळं करून चिकटवा, म्हणजे वायर ओढली गेली तरी प्रोब हलत नाही. एवढं केलं की अर्धे खोटे अलार्म बंद.

अलार्म आणि सायरन

अलार्म लावताना आपण आवाज लावतो आणि मग सायरन चालू झाला की काहीच ऐकू येत नाही. गाडीत अलार्म डोळ्यांनी बघायचा असतो. मॉनिटर पायाशी कुठेतरी अडकवू नका, पोराचा चेहरा आणि स्क्रीन एका नजरेत येतील असा बांधा, आणि बांधाच, ब्रेक लागला की सैल मॉनिटर उडतो आणि तो पोरावर पडू शकतो. खालची मर्यादा बहुतेक पोरांना मी ९० ते ९२ ठेवते. बेसलाइन ९३ असताना अलार्म ९३ वर लावला तर तो सतत वाजणार आणि मग कुणीतरी वैतागून तो बंद करणार, हे ठरलेलं.

टार्गेट किती? इमर्जन्सीची लक्षणं असतील, म्हणजे शॉक, बेशुद्ध, झटके, दम फार लागलेला, तर ९४ किंवा वर ठेवायचं. स्थिर पोराला ९० च्या खाली गेलं की ऑक्सिजन हवाच. ९० च्या खालची भीती का तर तिथून पुढे घसरगुंडी आहे. ९८ वरून ९२ वर यायला वेळ लागतो, पण ९० च्या आसपास रक्तातला ऑक्सिजनचा दाब साधारण ६० मिमी पारा असतो आणि त्याच्याखाली थोडासा दाब कमी झाला तरी सॅच्युरेशन धडाधड पडतं. त्यात लहान बाळाला किलोमागे मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुफ्फुसातला साठा कमी, त्यामुळे मोठ्या माणसाला जे चार मिनिटांत होतं ते बाळाला एका मिनिटात.

गाडी सुटली

पहिली दहा मिनिटं हात पोरावर. उचलणं, स्ट्रेचर आत ढकलणं, दार आपटणं ह्या सगळ्यात काहीतरी सुटतंच. मी डोक्याकडून पायाकडे जाते, मान सरळ आहे ना, नाक मोकळं आहे ना, प्रॉंग्स नाकात आहेत की गालावर, नळी कुठे चेपली नाही ना, फ्लोमीटरचा गोळा किती वर, गेज किती, प्रोब, लाट. मग बेसलाइनशी तुलना. पोर अस्थिर असेल तर दर ५ मिनिटांनी लिहा, स्थिर असेल तर १५ ने. ड्रायव्हरदादांना आधीच सांगून ठेवा की मी "थांबा" म्हटलं की कडेला घ्यायची.

पोराला दम लागलेला असेल तर सपाट झोपवू नका, डोक्याकडची बाजू उचलून ठेवा पण पट्टे नीट लावून, आणि आई त्याला दिसेल अशी बसवा. पोर रडलं की ऑक्सिजनची मागणी वाढते, प्रोब हलतो, प्रॉंग्स निघतात, सगळंच बिघडतं, त्यामुळे आईचा हात हे सुद्धा उपकरणच समजा. मांडीवर घेऊन धावत्या गाडीत बसवणं मात्र नाही, एका ब्रेकमध्ये पोर हातातून जातं.

ह्यातला माझाच एक किस्सा. दहा महिन्यांचं बाळ, प्रॉंग्सवर २ लिटर, ९६. वळणाच्या रस्त्यावर आकडा ९५, ९४, ९३. मला वाटलं खड्ड्यांमुळे प्रोब हललाय, मी पाय बदलला, कापड परत गुंडाळलं. तेवढ्यात ९१ आणि बघता बघता ८६. बाळाची आई म्हणाली, "ताई, हा नाक असं का करतोय?" बघते तर नाकपुड्या फुलल्यात आणि मान प्रत्येक श्वासाला हलतेय. ऑक्सिजनची नळी फ्लोमीटरवरून निघून स्ट्रेचरच्या चाकाखाली पडलेली! परत जोडली, तरी आकडा वर यायला अर्धा मिनिट गेला. दोन चुका: एक, लाट स्वच्छ येत होती, म्हणजे प्रोबला दोष द्यायचं कारणच नव्हतं. दोन, मी मशीनकडे बघत होते आणि आई पोराकडे. बोटाचा आकडा साधारण १५ ते ३० सेकंद जुना असतो, गार पायावर मिनिटभर सुद्धा, पोराचा चेहरा मात्र आत्ताचा असतो.

आकडा पडला तर ह्याच क्रमाने

आधी पोर बघा. रंग, हालचाल, छाती वर येतेय का. पोर खराब दिसतंय तर प्रोब तपासत बसू नका, ऑक्सिजन वाढवा आणि पुढे चला. पोर मजेत आहे, खेळतंय, लाट वाकडी, तरच प्रोब.

मान. बाळाचं डोकं मोठं असतं, सपाट झोपवलं की मान पुढे मुडपते आणि श्वासाची वाट दबते. खांद्याखाली पातळ घडी ठेवा, नाक वर छताकडे, मान फार मागे पण नको. कित्येकदा एवढ्यानेच आकडा वर येतो. मग नाक-तोंड सक्शन, लहान बाळं नाकाने श्वास घेतात, शेंबडाने नाक बंद म्हणजे प्रॉंग्स पण बंद.

मग ऑक्सिजन, सिलिंडरपासून नाकापर्यंत नळीवरून बोट फिरवत या. सगळं जागेवर असेल तर फ्लो वाढवा. प्रॉंग्सवर नवजाताला अर्धा ते १ लिटर, बाळाला १ ते २, त्याहून मोठ्यांना १ ते ४ लिटर. पुरत नसेल तर रिझर्व्हॉयरचा मास्क १० ते १५ लिटरवर, पिशवी फुगलेली राहिली पाहिजे, श्वास घेताना ती पूर्ण चपटी होत असेल तर फ्लो कमी पडतोय. साध्या मास्कला ४ लिटरपेक्षा कमी कधीच नाही, पोर स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत घेतं.

श्वास मंदावला, पोर ढिलं पडलं, तर बॅग-मास्क, आणि गाडी कडेला घ्या. धावत्या गाडीत नीट सील होत नाही आणि तुम्ही उभे असाल तर तुम्हीच पडाल. दर २ ते ३ सेकंदांना एक श्वास, छाती हळूच वर येईल इतकाच. अँबू बॅग नुसती नाकासमोर धरून ऑक्सिजन मिळतो असं समजू नका, दाबल्याशिवाय तिच्यातून पुरेसा येत नाही. चांगले श्वास देऊनही नाडी ६० च्या खाली आणि अंग पांढरं-गार, तर छाती दाबायला लागा.

श्वासनलिकेत ट्यूब असलेल्या पोराचं सॅच्युरेशन पडलं तर चार गोष्टी, ट्यूब सरकली का, ट्यूब चोंदली का, फुफ्फुसाबाहेर हवा साठली का, मशीन-नळी बिघडली का. व्हेंटिलेटर काढून हाताने बॅग द्या, मशीनचा प्रश्न लगेच बाजूला होतो. आणि ट्यूब असलेल्या पोराला कॅप्नोग्राफी (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड लाटेत दाखवणारं यंत्र) हवीच, ट्यूब निघाली तर लाट लगेच सपाट होते, सॅच्युरेशन पडायला अजून वेळ असतो.

आकडा छान पण पोर छान नाही

हे जास्त धोक्याचं, कारण अलार्म वाजत नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या पोराचं सॅच्युरेशन ९७ असू शकतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत असू शकतो, ऑक्सिमीटरला त्यातलं काही कळत नाही. मघाशी ६० ने श्वास घेणारं, छाती ओढणारं पोर आता ३० ने शांत घेतंय, झोपाळलंय, हाक मारली तर डोळे उघडत नाही... हे बरं होणं नाही, हे थकणं आहे. बरं होणारं पोर आजूबाजूला बघतं.

आगीच्या धुरातून काढलेलं पोर असेल तर आकड्यावर विश्वासच ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन मशीनला ऑक्सिजनवालंच वाटतं. सरळ जास्तीत जास्त ऑक्सिजन द्या. मेथेमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून न नेणारं बिघडलेलं हिमोग्लोबिन) असेल तर आकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो, ऑक्सिजन वाढवला तरी हलत नाही. रक्त फार कमी असलेल्या पोराचं सॅच्युरेशन १०० येईल पण वाहून न्यायला हिमोग्लोबिनच नाही, आणि असं पोर निळंही पडत नाही, फिकट पडतं. गडद रंगाच्या कातडीवर मशीन थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून काठावरच्या ९१-९२ वर तिथे मी निवांत बसत नाही. आणि ७० च्या खालचा कुठलाही आकडा म्हणजे फक्त "फार कमी".

ज्यांचे नियम वेगळे

जन्मलेलं बाळ पहिल्या मिनिटाला ६०-६५ असणं नॉर्मल आहे, पाचव्या मिनिटाला ८०-८५, दहाव्याला ८५-९५. प्रोब उजव्या हाताला. उजवा हात आणि पाय दोन्हीकडे मोजून मोठा फरक आला तर तो लिहा आणि फोनवर कळवा. ऑक्सिजनवरच्या कमी दिवसांच्या बाळाला ९० ते ९५ मध्ये ठेवायचं, १०० दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही, जास्तीचा ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला इजा करतो, तेव्हा वरचा अलार्म पण लावा. जन्मजात निळ्या हृदयरोगाच्या पोराचं नेहमीचंच ७५ ते ८५ असू शकतं, ते ९५ वर न्यायचा हट्ट काही प्रकारांत घातक ठरतो, म्हणून निघण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा आणि आईला विचारा, "घरी किती असतं?" आईला पाठ असतं. आणि रस्ता डोंगर चढणार असेल तर वर आकडा सगळ्यांचाच थोडा उतरतो, चढ लागायच्या आधीच फ्लो किती वाढवायचा ते ठरवून ठेवा.

पोचल्यावर

दारातच सगळ्यात जास्त गडबड होते. आपला सिलिंडर काढायचा तो तिथला ऑक्सिजन चालू झालाय, मास्क तोंडावर आहे आणि आकडा टिकलाय हे बघूनच. त्याआधी नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

सांगताना "वाटेत स्टेबल होतं" हे वाक्य टाळा, त्यातून काहीच कळत नाही. असं सांगा: "निघताना प्रॉंग्स २ लिटरवर ९४. ३:१० ला ८६ पर्यंत गेलं, नळी निघाली होती, साधारण दीड मिनिट, जोडल्यावर वर आलं. आता २ लिटरवरच ९५, नाडी १५०, श्वास ५४, कण्हणं नाही." स्वतःची चूक पण सांगायची, नाहीतर वॉर्डातले लोक त्या ८६ चं कारण फुफ्फुसात शोधत बसतील. कार्डाची एक प्रत त्यांना, एक आपल्याकडे.

मग गेज बघून उरलेलं प्रेशर वहीत लिहा, बॅटरी चार्जिंगला लावा, आणि निघण्याआधी बाळाच्या पायावरचा आपला प्रोब आठवणीने काढून घ्या, आमचे दोन तसेच वॉर्डात गेलेत.